माळ्यावरची पेटी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, कान तेवढे इकडं ठेवा.

मी तीर्थपुरीची. तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. घरी थोडं रान, एक शिलाई मशीन आणि माळ्यावर एक पत्र्याची पेटी. आज बोलायचंय ते त्या पेटीबद्दल. पेटीत डागडागिने नाहीत. एकशे अठरा सीडी आहेत, जुन्या सिनेमांच्या. आमचे मालक दर दिवाळीला म्हणतात, "हे भंगारात दे, माळा मोकळा होईल." मी दर दिवाळीला पेटी पुसते आणि परत वर ठेवते.

सुरुवात झाली ती अशी. बाजाराच्या रस्त्याला एक सीडीचं दुकान होतं. दहा रुपये भाडं, सकाळी न्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत द्यायची. मग मोबाईल आले, मेमरी कार्डात गाणी भरून मिळायला लागली आणि दुकानदाराचा धंदा बसला. दुकान उठवताना त्यानं सगळा माल पोत्यात भरला. मी ब्लाऊज शिवलेल्या पैशातून एक पोतं घेतलं. निम्म्या सीडी झेरॉक्स कव्हरच्या, चोरून छापलेल्या निघाल्या. त्या चालल्याही नाहीत आणि ठेवल्याही नाहीत. उरलेल्यांत 'संत तुकाराम' होता, 'कुंकू' होता, 'श्यामची आई' होती, 'उंबरठा' होता. बाकीच्या पुढं वीस वर्षांत जमवल्या. कुठं जत्रेत, कुठं पुण्याच्या भाचीकडून, कुठं कुणी घर बदलताना टाकून दिलेल्या.

तुम्ही म्हणाल, आता सगळं फोनवर मिळतंय, मग हा पसारा कशाला? मलाही जाऊबाईंनी हेच विचारलं. त्यांना म्हटलं, फोन कुणाचा? घरात चांगला फोन एकच, तोही धन्याच्या खिशात. पॅक संपला की सिनेमा संपला. फोनवर आज दिसलेला सिनेमा उद्या तिथं असेलच असं नाही. ज्याचे हक्क आहेत त्याचा करार संपला की ते काढून टाकतात. महिन्याचे पैसे भरले तरी आपण भाडेकरूच. सीडी माझी आहे. लाईट असली की लागते, नेट लागत नाही.

सासूबाई होत्या तोवर आषाढीच्या आदल्या रात्री 'संत तुकाराम' लावायचा हे ठरलेलं. हा सिनेमा पुण्याच्या प्रभात कंपनीनं १९३६ साली काढला. दामले आणि फत्तेलाल हे दिग्दर्शक, तुकोबा झाले होते विष्णुपंत पागनीस. मुंबईत तो वर्षाहून जास्त दिवस चालला आणि १९३७ साली इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. सासूबाईंना व्हेनिसचं काही नव्हतं. त्यांनी हा सिनेमा लहानपणी जत्रेत तंबूत पाहिला होता, जमिनीवर बसून. पण त्यांचा जीव तुकोबांपेक्षा आवलीत जास्त. गौरी नावाच्या बाईंनी ती आवली केलीय. घरात दाणा नाही, पोर आजारी, नवरा भजनात, आणि ही देवाशीच भांडायला निघते. सासूबाई म्हणायच्या, "बघ, ही खरी. संसार हिनं ओढला." वारकरी घरातली बाई हे म्हणायची, बरं का.

आता 'कुंकू'चं सांगते, कारण त्याच्यावरून आमच्या गटात एकदा भांडण झालं.

'कुंकू' १९३७ चा, व्ही. शांतारामांचा. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून केलेला. नीरा नावाची तरुण पोर, आईबाप नाहीत. मामा तिचं लग्न म्हाताऱ्या बिजवराशी लावून देतो. शांता आपटे यांनी नीरा केली आणि केशवराव दाते म्हातारा झाले. पोरगी रडत बसत नाही. लग्न लागलं तरी त्याला नवरा म्हणून मानायचं नाही, हे ती ठरवते आणि घरातल्या सगळ्यांना पुरून उरते. म्हातारासुद्धा राक्षस दाखवलेला नाही, हेच मला आवडतं. भिंतीवरचं घड्याळ बघत, आरशात पांढरे केस बघत त्याचं त्यालाच उमगत जातं. शेवट सांगत नाही. तुम्ही बघा.

तर आमच्या घरी गटाच्या दहाबारा जणी बसून हा बघत होतो. सिनेमा संपला. कुणी बोलेना. मग एकजण म्हणाली, "हे जुन्या काळातलं. आता असं कुठं असतं?" दुसरी फटकन बोलली, "तुझ्याच भावकीत पाहुणे येऊन गेले ना मागच्या पंधरवड्यात? पोरगी नववीत आहे." झालं. आवाज चढले. ज्या घराची गोष्ट होती, तिथली आईही तिथंच बसली होती. ऊसतोडीला जायचं, मागं वयात आलेली पोर कुणाजवळ ठेवायची, हे तिचं म्हणणं. आणि ते खोटं नाही. आपल्याकडं कितीतरी पोरींची लग्नं याच धास्तीनं लागतात. त्या रात्री ती उठून गेली. महिनाभर गटाच्या बैठकीला आली नाही, हप्ता तेवढा पोरीच्या हाती पाठवायची.

ती पोर आता बारावीला आहे. पण सिनेमानं लग्न थांबलं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. तिची आत्या आडवी पडली. पोरीला मी ठेवून घेते म्हणाली, आणि ठेवली. सिनेमानं एवढंच केलं की जी गोष्ट आम्ही सगळ्याजणी जाणून होतो आणि पाण्यावर गेलं तरी बोलत नव्हतो, ती एकीच्या तोंडून बाहेर पडली. नव्वद वर्षांमागची नीरा आमच्या ओसरीत येऊन बसली म्हणून. त्या सीडीला आता मी वेगळ्या डब्यात ठेवलंय.

असे सिनेमे आपोआप टिकत नाहीत. १९३१ चा 'आलम आरा', आपल्या देशातला पहिला बोलपट, आज कुठंच बघायला मिळत नाही, त्याची एकही प्रत उरलेली नाही. पूर्वीची फिल्म लवकर पेट घेणारी असायची आणि तिच्यात चांदीचा अंश असायचा. चांदी काढून घ्यायला कितीतरी रिळं विकली गेली. आपल्याकडं जुनी भांडी मोडीत घालतात, तसंच ते. पुण्यात १९६४ साली सरकारनं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू केलं. तिथल्या पी. के. नायर यांनी देशभर हिंडून फिल्मचे डबे गोळा केले. दादासाहेब फाळके यांच्या सिनेमांची रिळं त्यांनी फाळक्यांच्या घरच्यांकडून मिळवली. तरी १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' अर्धवटच उरलाय. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभातच्याही मूळ फिल्म जळाल्या. प्रती काढून ठेवल्या होत्या म्हणून सिनेमे वाचले.

'राजा हरिश्चंद्र'चं निघालंच आहे तर सरस्वतीबाईंचं सांगते. दादासाहेबांच्या या मंडळी. सिनेमासाठी त्यांचे दागिने गेले. दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करायच्या आणि रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला काठाला भोकं पाडायच्या, ज्या भोकांवर ती यंत्रात सरकते. तेव्हा फिल्म बिनभोकाची यायची. पुढं बंगालमध्ये सत्यजित राय यांनी 'पाथेर पांचाली' केला, तेव्हाही बायकोचे दागिने गहाण पडले. आपल्या सोन्याला वाटा कितीतरी फुटलेल्या आहेत.

'पाथेर पांचाली' १९५५ चा. माझ्याकडं त्याची डीव्हीडी आहे, भाचीनं दिलेली. बोलणं बंगालीत, खाली इंग्रजी अक्षरं. मग आम्ही शेजारच्या कॉलेजातल्या पोरीला पुढं बसवतो. ती वाचून मराठीत सांगते. पण अर्ध्यातच तिला सांगावं लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या आत्याला कुणी जेवायला नीट देत नाही, दुर्गा तिच्यासाठी पेरू चोरून आणते, हे बंगालीत काय आणि मराठीत काय. या सिनेमाच्या मूळ फिल्म १९९३ साली लंडनला आगीत होरपळल्या होत्या. अमेरिकेत क्रायटेरियन नावाची कंपनी १९८४ पासून जगातले असे नामी सिनेमे निवडून घरी बघायला काढते. तिनं तिथल्या ऑस्कर देणाऱ्या संस्थेबरोबर त्या भाजक्या फिल्म दुरुस्त करून घेतल्या. २०१५ साली सिनेमा पुन्हा उभा राहिला.

आणि बचत गटाच्या बायांनी 'मंथन' बघायलाच पाहिजे. १९७६ चा, श्याम बेनेगल यांचा, स्मिता पाटील आहेत त्यात. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घातले, त्यातून दहा लाख झाले आणि सिनेमा निघाला. मग हे लोक ट्रकमध्ये बसून 'आपला' सिनेमा बघायला गेले. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं तो दुरुस्त केला आणि २०२४ साली फ्रान्समध्ये कानच्या महोत्सवात दाखवला गेला. दोन रुपयांचा हिशोब आपल्याला समजतो.

आता थोडं कामाचं. सीडी काठानं धरा, चकाकत्या बाजूला बोट लावू नका. पुसायची तर मऊ सुती कपड्यानं, मधून बाहेर सरळ, गोल गोल नाही. आमच्या गटातल्या एका आजीबाईंनी एक सीडी राखेनं घासून लख्ख केली होती, पितळी तांब्यासारखी. ती गेलीच. आडव्या थप्प्या रचू नका, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. ऊन आणि ओल, दोन्ही वैरी. एका पावसाळ्यात पत्रा गळला, पेटीत पाणी गेलं आणि माझ्या नऊ सीडी कव्हराला चिकटून बसल्या. तेव्हापासून पेटीखाली दोन विटा असतात.

दुसरं. कंपनीची छापील सीडी पुष्कळ वर्षं टिकते. पण लग्नाची सीडी फोटोवाल्यानं मशीनवर भरून दिलेली असते. तिच्या पाठीमागं हिरवट नाहीतर जांभळट झाक दिसेल. तो रंग उडत जातो आणि सीडी कोरी पडते. माझ्या लग्नाची अशीच गेली. वडील त्यात जेवायला वाढताना लोकांना आग्रह करत होते, तो त्यांचा आवाज तेवढा एकाच ठिकाणी होता. तुमच्याकडं असेल तर आजच पेन ड्राईव्हवर उतरवून घ्या, दोन ठिकाणी ठेवा.

आम्ही घरातच बघतो. तिकीट नाही, मंडप नाही. चौकात पडदा लावून गावाला दाखवायचा असेल, तर हक्कदाराची परवानगी लागते, ते कव्हरवर लिहिलेलं असतं.

शेवटी माझं एक काम आहे तुमच्याकडं. जुन्या व्हिडिओ सीडीवर सव्वा तासाच्या आसपासच मावतं, म्हणून एका सिनेमाच्या दोन-दोन सीडी यायच्या. माझ्याकडं जब्बार पटेलांच्या 'सामना'ची पहिलीच आहे. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला सिनेमा. साखर कारखान्याचा मालकासारखा वागणारा पुढारी निळू फुले, दारू पिणारा मास्तर श्रीराम लागू, आणि तो मास्तर मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं हे विचारत सुटतो. तिथंच सीडी संपते. आम्ही उसाच्या गावच्या बाया, आणि अकरा वर्षं झाली, आम्हाला पुढचं माहीत नाही. जावयानं फोनवर सांगतो म्हटलं, त्याला गप्प केलं. कुणाच्या माळ्यावर 'सामना'ची दुसरी सीडी असेल, तर रेडिओच्या केंद्रावर निरोप ठेवा. मी येऊन घेऊन जाईन, आणि बघून झाली की परत आणून देईन.