बिल्ल्याचा नंबर आणि माणूस



ज्या व्यासपीठावर पंडितांनी बोलावे, तेथे नववीत शाळा सुटलेल्या माणसाला उभे करून संयोजकांनी मोठेच धाडस केले आहे. मी कामगारांत वावरणारा माणूस. बिनतारी चिप हा माझा विषय नव्हे. परंतु रोह्याकडच्या एका कारखान्याच्या फाटकावर तो मला गाठून बसला, आणि मग रात्री जागून शिकावा लागला.

आपण पेणकर, तेव्हा साच्यापासूनच आरंभ करतो. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत एका साच्यातून शेकडो गणपती निघतात. सोंड तीच, हात तेच. गिऱ्हाईकाने मूर्ती पसंत केली की तिच्यावर नावाची चिठ्ठी लागते, आणि मगच ती इतरांपासून वेगळी होते. चिपचेही तसेच आहे. एस्प्रेसिफ या चिनी कंपनीची ईएसपी३२ नावाची चिप २०१६ साली बाजारात आली. नखाएवढ्या तुकड्यात छोटा संगणक आहे आणि वायफाय-ब्लूटूथचा बिनतारी संचही आहे. साऱ्या चिपा एका साच्यातल्या; परंतु कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येकीच्या पोटात एक नंबर पक्का केला जातो. तेथे अतिसूक्ष्म फ्यूज असतात. एकदा उडवलेला फ्यूज पुन्हा जुळत नाही, म्हणून तो नंबर पुसताही येत नाही. याला मॅक पत्ता म्हणतात.

या पत्त्याला अठ्ठेचाळीस घरे असतात आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक. एवढ्यावर २८१ लाख कोटींहून अधिक नंबर होतात. पहिली चोवीस घरे म्हणजे जणू आडनाव. ते आय-ट्रिपल-ई ही अभियंत्यांची संस्था कंपन्यांना वाटून देते. उरलेल्या चोवीस घरांत १,६७,७७,२१६ नंबर बसतात. ते संपले की कंपनीने नवे आडनाव घ्यावे.

याचा उपयोग मोठा आहे, आणि त्याला माझा काडीचाही विरोध नाही. शंभर टाक्यांवर पाण्याची पातळी सांगणारी शंभर यंत्रे बसवा. सर्वांत आज्ञावली एकच घाला, हाताने नावे घालण्याची दगदग नको. प्रत्येक यंत्र आपला नंबर सांगते, आणि कोणती टाकी रिकामी झाली ते केंद्राला कळते. टाकी जागची हलत नाही. माणूस हलतो, आणि घोटाळा तेथून सुरू होतो.

कामगाराला नंबर नवा नाही. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालील नमुन्यात, कायम कामगाराला त्याचा नंबर असलेले तिकीट द्यावे असे कलमच होते. बदलीवाल्याला बदली कार्ड. पण ते तिकीट मुके होते. कामगाराने दाखवले तरच कोणी पाहणार. आताचा बिल्ला स्वतःच बोलतो. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटांवर जागा सांगणारी घड्याळे बांधली होती, हे आपण वाचले असेल. आमच्याकडे ठेकेदाराने गळ्यात अडकवायचे बिल्ले दिले. त्यात हीच चिप होती.

एका पगाराच्या दिवशी एक जण रागाने माझ्याकडे आला. चार दिवस राबूनही चार दिवसांचा पगार कापला होता. त्याच संध्याकाळी दुसरा आला, तो चाचरतच. “भाऊ, मी तर बहिणीच्या लग्नाला गावी होतो. मला पगार पुरा कसा आला?” हा दुसरा आला नसता तर पहिल्याचे कोणी ऐकले नसते, हे मला येथे मुद्दाम सांगायचे आहे.

व्यवस्थापकांचे उत्तर ठरलेले होते : यंत्र खोटे बोलत नाही. ते खरेही होते. बिल्ल्याच्या पाठीवर चिपचा मूळ नंबर चिकटवला होता. परंतु ही चिप एका मूळ नंबरापासून चार पत्ते काढते. वायफायसाठी मूळ नंबर, स्वतःच वायफायचे केंद्र झाली तर त्यात एक मिळवून, ब्लूटूथसाठी दोन मिळवून आणि तारेच्या जाळ्यासाठी तीन मिळवून. बिल्ला बोलत होता ब्लूटूथवर. समजा, पहिल्याच्या पाठीवर शेवटचे आकडे ४० आणि दुसऱ्याच्या ४४. (खरे आकडे सोळांच्या पद्धतीत लिहितात, ती भानगड सोडून देऊ.) पडद्यावर मात्र ४२ आणि ४६ उमटायचे. कारकून बिचारा गोंधळला. ४२ ला ४० जितका जवळ, तितकाच ४४ ही जवळ! त्याने ४२ पुढे ४४ वाल्याचे नाव लिहिले, आणि ४६ उरला तो पहिल्याला. चिपची चूक नाही, रेडिओची नाही. नंबर आणि माणूस यांची गाठ एका वहीत मारली होती, आणि ती वही आम्हांला कधी दाखवलीच नव्हती.

एवढ्यावर ते चार दिवस मिटले असते. पण व्यवस्थापक म्हणाले, वही दुरुस्त करू, पुढे नंबर हाच पुरावा. तेव्हा मला रोह्याचे चिंतामणराव देशमुख आठवले. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून त्यांची सही नोटेवर असे. नोटेवर नंबरही असतो. पण नंबर आहे म्हणून नोट खरी, असे कोणी म्हणत नाही. खोटी नोट छापणारा नंबरही छापतोच. मॅक पत्ता तर हवेत उघड्यावर ओरडला जातो. ज्याच्यापाशी यंत्र आहे त्याने ऐकावा. आणि फ्यूजमधला नंबर पुसता येत नसला, तरी चिपने आपला म्हणून दुसराच नंबर सांगावा अशी आज्ञा देता येते.

आम्ही ते करून दाखवले. व्यवस्थापकांची परवानगी घेतली, त्यांच्याच टेबलावर एक बिल्ला बॅटरी काढून ठेवला. आमच्याबरोबर कॉलेजात शिकणारा एका कामगाराचा मुलगा होता. त्याने चार-पाचशे रुपयांच्या बोर्डाला तो नंबर शिकवला आणि बॉयलरकडे चालत गेला. पडद्यावर टेबलावरचा बिल्ला बॉयलरपाशी हजर झाला. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

यावर उपाय नाही असे नव्हे. या घराण्यातील नंतरच्या काही चिपांत फ्यूजमध्ये गुप्त किल्ली ठेवता येते, ती आज्ञावलीलाही वाचता येत नाही. केंद्राने दर वेळी नवा प्रश्न विचारावा, चिपने किल्लीच्या जोरावर उत्तर द्यावे; मग नुसत्या नकलेने भागत नाही. परंतु त्यानेही सिद्ध होते ते एवढेच की बिल्ला खरा आहे. तो कोणाच्या गळ्यात होता, हे चिपला कसे कळावे?

आणखी एक गंमत. २०१४ पासून ॲपलने आपले फोन वायफाय धुंडाळताना बदलता, बनावट नंबर सांगतील अशी सोय केली. अँड्रॉइडमध्ये २०१९ पासून वायफायला जोडतानाही ती मुळातच चालू असते. का, तर फोनवाल्याचा माग कोणी काढू नये. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. व्यवस्थापकांच्या खिशातला फोन नंबर लपवत होता, आणि समोर उभ्या कामगाराचा बिल्ला जेवणाच्या सुट्टीतही, शौचालयातही एकच नंबर ओरडत होता.

पहिल्या गड्याला चार दिवसांचा पगार मिळाला. दुसऱ्याने आपला परत केला. बिल्ले अजून आहेत. पण केवळ त्यांच्या नोंदीवरून पगार कापायचा नाही असे लेखी ठरले आहे, आणि नंबर-नावांच्या वहीची प्रत दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फाटकावर लागते. जेवणाच्या सुट्टीत बिल्ला बंद ठेवण्याची मागणी अजून मान्य झालेली नाही. तिच्यासाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा बैठक आहे.