सिस्टर आणि विरजण

श्रोते हो, साठी उलटलेला हृद्रोगी इस्पितळातून घरी परततो, तेव्हा त्याच्या हाती पडणाऱ्या औषधांच्या यादीच्या तळाशी ‘मीठ कमी, रोज चालणे, तंबाखू वर्ज्य’ असे एक त्रोटक फर्मान असते. आणि अशी फर्माने मी स्वतः शेकड्यांनी काढली असल्यामुळे, ती बहुधा कोणी पाळत नाही, हे मी अधिकाराने सांगू शकतो.

दूध कितीही कसदार असले तरी विरजणावाचून त्याचे दही होत नाही. आमची औषधे हे दूध, आणि परिचारिकेने पंधरवड्याला येऊन केलेली विचारपूस हे विरजण! ते चमचाभरच पुरते. परंतु दूध कोमट आहे तोवर, म्हणजे दुखण्याची धास्ती ताजी आहे तोवरच, ते लागले पाहिजे, आणि एकदा लावले की भांडे सारखे हलवून पाहण्याची घाई सूनबाईंनी करू नये.

एका आजींना मी ‘तंबाखू?’ असे विचारताच त्यांनी कानांवर हात ठेवले, आणि मी दप्तरी तशी नोंद केली. पुढे सिस्टर त्यांच्या घरी गेल्या, ओसरीवर टेकल्या, चहा झाला, आणि त्यांनी सहज विचारले, ‘आजी, दात कशानं घासता?’ आजींनी कनवटीची मिश्रीची डबी निःसंकोच पुढे केली. तव्यावर भाजलेली तंबाखू ही त्यांच्या लेखी तंबाखूच नव्हती! माझ्या प्रश्नात खोट होती, आजींच्या उत्तरात नव्हे.

ईशान्य स्कॉटलंडमधील 19 दवाखान्यांत परिचारिकांनी हृद्रोग्यांची अशी विचारपूस वर्षभर चालवली, आणि सुरुवातीपासून सुमारे पावणेपाच वर्षांनी मोजदाद झाली तेव्हा त्या रुग्णांत मृत्यू कमी आढळले. आपल्याकडे मात्र सिस्टर म्हणजे सुई टोचणारी बाई, अशीच समजूत आहे. म्हणून पुन्हा सांगतो, पथ्य एकदा सांगून भागत नाही. ते वारंवार विचारणारे माणूस हवे.

ज्यांचे हृदय क्षीण झाले आहे त्यांनी रोज सकाळी न्याहारीपूर्वी वजन करून वहीत टिपावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगावर चढलेले मांस नव्हे, साचलेले पाणी असण्याचा संभव असतो, आणि ते सिस्टरना त्याच दिवशी कळवावे, पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

मिठाचे तर राहिलेच. दिवसाकाठी पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, ही मर्यादा. तीत पापड, लोणचे, सांडगी मिरची हे सर्व धरून, बरे का! भाजीतले मीठ कमी करून पानात वाढलेल्या लोणच्याच्या खाराकडे मात्र... पण काचेपलीकडून निवेदक हात दाखवीत आहेत. नमस्कार.