ज्वारी गेली, माती उघडी पडली
(बुलडाणा जिल्हा मेळाव्यातील भाषण)



या टेबलावर पाण्याचे दोन ग्लास आहेत. दोन्हींत एकाच वावरातले वाळलेले ढेकूळ टाकले आहे. एक धुऱ्यावरचे, गवताच्या मुळ्या असलेले. दुसरे वावराच्या मधले, जिथे वर्षानुवर्षे कपाशी नाहीतर सोयाबीन आहे. धुऱ्याचे ढेकूळ अजून शाबूत आहे. वावरातले विरघळले आणि पाणी गढूळ झाले. पहिल्या मोठ्या पावसात आपल्या रानात हेच होते. ढेकूळ फुटते, बारीक गाळ मातीची छिद्रे बुजवतो, पाणी मुरायचे सोडून नाल्याला लागते. मग पावसाने खंड दिला की पऱ्हाटी माना टाकते आणि आपण आभाळाकडे पाहतो. पडला तो पाऊस कुठे गेला, हे कोणी विचारत नाही.

ढेकळाला धरून ठेवतो तो कुजलेला काडीकचरा, शेण, मुळ्या आणि त्यावर जगणारे जीवजंतू. तपासणीच्या कागदावर याला सेंद्रिय कर्ब म्हणतात. तो अर्ध्या टक्क्याच्या खाली असला की जमीन त्या बाबतीत गरीब समजावी. आता हिशेब करा. एका एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचे वजन सुमारे ९ लाख किलो. त्यात कर्ब ०.१ टक्का वाढवायचा तर ९०० किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. टाकलेल्या खतातला बराचसा भाग कुजताना हवेत उडून जातो. म्हणजे हे एका हंगामाचे काम नाही, आणि बाटलीतले औषध फवारून होणारे तर मुळीच नाही. तसे सांगत दारी येणाऱ्याला आधी हा हिशेब विचारा.

पूर्वी हा कर्ब कुठून येत होता? ज्वारीपासून. ज्वारीचे दाणे घरात, कडबा गोठ्यात, गोठ्यातले शेण उकिरड्यावर आणि उन्हाळ्यात बंडी भरून परत वावरात. वावरातून जे निघे त्याचा मोठा वाटा वावरात परत जाई. १९९० नंतर सोयाबीन पसरले आणि खरीप ज्वारी हटत गेली. कडबा गेला, चारा विकत घेणे परवडेना, जनावरे बाजारात गेली. आज कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ५ टन शेणखताची शिफारस आहे. ती वाचून शेतकरी हसतो, आणि त्याचे हसणे बरोबर आहे. शेण आणायचे कुठून?

ज्वारी सोडली म्हणून शेतकऱ्याला दोष देणारे पुष्कळ आहेत. आम्ही देत नाही. काढणीला पाऊस आला की ज्वारी काळी पडते आणि व्यापारी भाव पाडतो. कणसे खुडायला मजूर मिळत नाही. रोही आणि रानडुकरे उभे पीक आडवे करतात. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, शहरात ज्वारीचे बिस्कीट निघाले. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये जाहीर झाला. पण हमीभाव छापील कागदावर असून भागत नाही, दाणा निघेल तेव्हा खरेदी केंद्राचा काटा सुरू लागतो.

खताचेही तेच. २०१० मध्ये स्फुरद आणि पालाशच्या खतांचे अनुदान बदलले, त्यांच्या किमती चढल्या. युरिया त्या धोरणाबाहेर राहिला. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. जे स्वस्त तेच जास्त पडणार, यात शेतकऱ्याचे अडाणीपण कुठे आले? घरच्या शेणखताच्या बंडीला मात्र या अनुदानात जागा नाही.

जे आपल्या हातात आहे तेही बोलले पाहिजे. वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर पेटवली जाते. एकरी आठ-दहा क्विंटल काडी अशी धूर होऊन जाते. चुलीला लागते तेवढी ठेवा, तीही पावसाळ्यापूर्वी संपवा, कारण राहिलेल्या बोंडांत गुलाबी अळी दबा धरून असते. बाकीची बारीक करून शेण आणि थोड्या युरियासह खड्ड्यात कुजवा. कच्ची काडी तशीच मातीत गाडली तर ती कुजताना पिकाच्या वाट्याचे नत्र ओढून घेते. बारीक करण्याचे यंत्र एकट्याला परवडत नाही, गावाने मिळून घ्यावे.

आपल्या जिल्ह्यात एकच उपाय सगळीकडे चालत नाही. घाटावर चिखली, मेहकरकडे उतारावरच्या हलक्या रानांत वरची माती वाहून जाते, तिथे आडवी पेरणी आणि बांध आधी. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात रोग वेगळा. तिथे सोडियममुळे माती चोपण होते, आणि विहिरीचे खारे पाणी देऊन ती आणखी बिघडते. माती तपासून जिप्सम आणि त्याच्या जोडीला धैंचा, बोरू, शेणखत हा तिथला मार्ग. तलावांतला गाळ काढण्याचे मोठे काम २०१८ पासून जिल्ह्यात झाले. तो गाळ म्हणजे आपल्याच वावरातून गेलेली माती, भाडे भरून परत आणलेली. मुरमाड रानाला ती मानवते. भारी काळ्या रानात टाकू नका.

आता पोटाचे. ज्वारी पिकवणाऱ्या घरात आज रेशनच्या गहू-तांदळावर महिना निघतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्यालाही जागा आहे. म्हणून आमची मागणी अशी: बुलडाण्याची ज्वारी हमीभावाने बुलडाण्यातच वेळेवर घ्या आणि इथल्याच रेशन दुकानांत द्या. तेवढे झाले तर एकरभर ज्वारी परत पेरायला शेतकरी तयार होईल, आणि कडबा आपोआप घरी येईल.

या मागणीचा ठराव गावोगावच्या ग्रामसभेत घ्यायचा आहे. पुढच्या बैठकीला येताना ठरावाची नक्कल आणा आणि मातीचा नमुनाही. पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी, आठ-दहा ठिकाणची माती घ्या. झाडाखालची, धुऱ्याजवळची, उकिरड्याजवळची घेऊ नका. सगळी मिसळून अर्धा किलो कापडी पिशवीत भरा आणि आत गट नंबरची चिठ्ठी टाका. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, ओल्या मातीत शाई पसरते.