बाबांच्या जीपचा गिअरबॉक्स
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



विघ्नहर्त्यासमोर एका विघ्नाचीच गोष्ट सांगतो. पावागड उतरताना बाबांच्या जुन्या महिंद्रा जीपचा दुसरा गिअर आपोआप सुटू लागला. उतारावर गिअर सुटला की इंजिनाचा लगाम जातो. सगळा भार ब्रेकवर. जो तो म्हणाला, "नवा गिअरबॉक्स बसवा." मिस्त्री म्हणाले, "आधी उघडून तर बघू."

तीन गिअरांची, विलीज घराण्यातली ती पेटी. दाते धड होते. झिजल्या होत्या पितळी सिंक्रो रिंगा आणि थ्रस्ट वॉशर. गिअर जागी धरणाऱ्या छर्‍यामागची स्प्रिंगही थकली होती. खालचा शाफ्ट काढताच बेअरिंगच्या बारीक सुया ट्रेमध्ये सांडल्या. मिस्त्रींनी त्या मोजल्या आणि ग्रीस लावून एकेक परत बसवली. एक जरी राहिली तरी पेटी पुन्हा उघडायची! तेलही जपून निवडले. जीएल-५ मधली काही रसायने पितळेला बाधू शकतात, म्हणून जीएल-४.

दुसरा गिअर आता सुटत नाही. पहिल्याची करकर मात्र राहिली. कारण त्याला सिंक्रो नसतोच. गाडी पूर्ण थांबवून तो टाकायचा. बाबा हेच सांगायचे. दोष पेटीचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

१८९० साली सयाजीराव महाराजांनी याच शहरात कलाभवन काढून हातच्या विद्येला मान दिला. ती विद्या गल्लीतल्या गॅरेजातही नांदते. मुलांना एकदा तिथे घेऊन जा.

गणपती बाप्पा मोरया!