देवराईतील एक दिवस



दिवाळीच्या सुटीतील एक दिवस सहकुटुंब रानात घालवावयाचा असेल, तर पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याचे आहुपे गाव निवडावे. सह्याद्रीच्या कड्यावर वसलेले हे महादेव कोळी वनवासी बांधवांचे गाव. तेथे भैरवनाथाची देवराई आहे. गावातील एखाद्या जाणत्यालाच वाटाड्या म्हणून सोबत घ्यावे. पाहुण्याने यजमानाला विचारूनच आत जायचे असते.

आत शिरताच ऊन मावळते आणि पायाखाली पाचोळ्याचा मऊ थर लागतो. मुलांना शांत उभे केले, तर एखादे वेळी शेकरू दिसेल. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी सहसा जमिनीवर उतरत नाही. फांदीवरून फांदीवर जातो. वृक्षांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असणे हाच त्याचा रस्ता. मधली चार झाडे तुटली की त्याची वाट संपली.

देवराईचा नियम कडक असतो. अनेक ठिकाणी वाळकी फांदीदेखील उचलत नाहीत. काही गावांत गरज पडलीच, तर आधी देवाला कौल लावतात. शहरी सुशिक्षिताला ही अंधश्रद्धा वाटत आली. परंतु प्रा. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, १९७६ साली तो प्रसिद्ध झाला, आणि या श्रद्धेने केवढी वनसंपदा राखली आहे हे विद्वानांनाही मान्य करावे लागले. पडलेले खोड तिथेच कुजते, त्यावर अळंबी व किडे जगतात, माती भुसभुशीत राहते आणि पावसाचे पाणी तिच्यात मुरते.

आज या देवरायांना भय कुऱ्हाडीचे आहेच. पण भाविकांच्या देणगीचेही आहे, हे कटू असले तरी बोलले पाहिजे. मूळ देवस्थान बहुधा उघड्यावरचे, शेंदूर लावलेला एक तांदळा. मुंबई-पुण्यात स्थिरावलेली मंडळी जीर्णोद्धाराचा संकल्प सोडतात. श्रद्धा खरी, पैसाही घामाचा. मग सभामंडप येतो, फरशी येते, गाडीरस्ता येतो, आणि या साऱ्यासाठी अनेक ठिकाणी देवाचेच वृक्ष तोडले गेले आहेत. ज्या देवाने कधी छप्पर मागितले नाही, त्याला सिमेंटच्या खोलीत बसवून त्याचे घर मोडणे, याला धर्मकार्य कसे म्हणावे? वर्गणीचे पावतीपुस्तक पुढे आले, तर घरातील कर्त्याने एवढेच विचारावे : झाडे किती जाणार?

डबा देवराईबाहेर उघडावा आणि कागदाचा कपटाही मागे ठेवू नये. याच परिसरात घोड नदी उगम पावते. तिचे पाणी डिंभे धरणात अडते, पुढे भीमेला मिळते आणि ती भीमा पंढरपुरी चंद्रभागा होते. घरात वारी केलेल्या आजी असतील, तर नातवंडांना हे त्यांनीच सांगावे. परतीच्या वाटेवर डिंभ्याचा जलाशय बराच वेळ सोबत करतो.