मेपलचा पाक आणि त्याची गाळणी



उसाचे गुऱ्हाळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले असेल. चरकातून रस निघाला की तो आधी फडक्यातून गाळायचा, मग काहिलीत ओतायचा, आणि तापू लागला की भेंडीचा चीक घालून वर येणारी मळी काढून टाकायची, हा आपला क्रम. म्हणजे घाण आधी काढायची आणि रस मागाहून आटवायचा. उत्तर अमेरिकेत, विशेषतः कॅनडाच्या क्वेबेक व ओंटॅरिओ प्रांतांत आणि अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात, मेपल नावाच्या झाडाच्या रसाचा जो गोड पाक करतात, त्याची तऱ्हा याच्या अगदी उलट आहे. तिथे झाडातून रस निघतो तो पाण्यासारखा नितळ. गाळ जन्माला येतो तो उकळताना, आणि म्हणून खरे गाळणे असते ते शेवटी. हे शेवटचे गाळणे ज्या कापडातून करतात, त्या कापडाची निगा हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय. विषय लहान वाटेल खरा. पण एवढ्याशा फडक्यापायी कष्टाने केलेला पाक वाया जाऊ शकतो. कसा, ते सांगते.

आधी ते कष्ट किती, हे ध्यानात घ्या. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत असे काही आठवडे येतात, की रात्री पाणी गोठते आणि दिवसा बर्फ वितळते. तेवढ्याच दिवसांत मेपलचा रस वाहतो. युरोपातली माणसे तिकडे जाण्यापूर्वीपासून तिथले मूळ रहिवासी हा रस काढीत आले आहेत. झाडाच्या बुंध्याला बोटभर जाडीचेही नाही असे भोक पाडायचे, त्यात नळी ठोकायची आणि खाली बादली टांगायची. रसात साखर असते शेकडा २ च्या आसपास. तेव्हा ४० लिटर रस आटवावा, तेव्हा कुठे १ लिटर पाक हाती येतो! हे आटवणेही घरात करून चालत नाही. इतकी वाफ होते की भिंतीचा कागद सुटून यायचा. म्हणून अंगणात चूल मांडून, थंडीत कुडकुडत, लाकडे सारीत बसायचे. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे ४ अंश सेल्सिअस वर तापमान गेले की पाक झाला असे समजतात. त्या वेळी त्यात शेकडा ६६ च्या आसपास साखर असते. पातळ ठेवला तर आंबतो किंवा बुरशी धरतो, फार आटवला तर बरणीच्या तळाशी खडीसाखर जमते.

आता हा गाळ येतो कुठून? मेपलच्या रसात थोडा चुना, म्हणजे कॅल्शियम असते, आणि कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देणारे मॅलिक आम्लही असते. भरपूर पाण्यात दोन्ही विरघळून सुखाने राहतात. पाणी आटत गेले की त्यांचा संयोग होऊन जो क्षार बनतो, त्याला विरघळून राहायला जागा उरत नाही आणि तो बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतो. तिकडे त्याला साखरेची रेती म्हणतात. विषारी वगैरे काही नाही ती, पण पाक गढूळ दिसतो आणि दाताखाली कचकच लागते. एखाद्या वर्षी रेती थोडी असते, तर एखाद्या वर्षी गाळता गाळता जीव मेटाकुटीला येतो.

ही रेती साध्या मलमलीत अडकत नाही. तिला लागते दाबून केलेले जाड कापड, आपल्या बुरणुसाच्या जातीचे. पूर्वी ते लोकरीचे असे. आता बहुधा कृत्रिम धाग्याचे मिळते. त्याची टोपीसारखी निमुळती पिशवी शिवलेली असते. ती चिमट्यांनी चौकटीला टांगतात आणि तिच्या आत पातळ कापडाची तीन-चार अस्तरे एकात एक बसवतात. रेती आधी सर्वांत आतल्या अस्तरावर साचते. ते तुंबले की तेवढेच हळूच उचलून घ्यायचे, की खालचे स्वच्छ अस्तर मोकळे होते. युक्ती साधी आहे, पण तिने मुख्य गाळणीचे आयुष्य पुष्कळ वाढते.

ओतण्यापूर्वी गाळणी कढत पाण्यात भिजवून निथळून घ्यावी. कोरडे जाड कापड आधी स्वतःच पोटभर पाक पिते, आणि ४० लिटरांतून मिळालेला एकुलता एक लिटर असा कापडाला पाजणे कोणाला परवडेल? दुसरे, पाक उकळता असतानाच ओतावा. थंड झाला की तो दाट होतो आणि गाळणीत तसाच बसून राहतो. मग माणसाला पिळण्याचा मोह होतो. हा मोह आवरावा. पिळले की अडकलेली रेती धाग्यांतून पलीकडे जाते, म्हणजे गाळले न गाळले सारखेच, आणि वर कापडाची वीण फाकते ती निराळीच.

गाळण्याचे काम संपले की ताबडतोब धुण्याला लागावे. उद्यावर टाकू नये. वाळलेला पाक आणि रेती मिळून कापडात जणू गिलावाच होतो. पिशवी उलटी करावी, साचलेला थर चमच्याच्या पाठीने अलगद काढावा, आणि ज्या बाजूने पाक बाहेर पडला त्या बाजूने कढत पाण्याची धार सोडावी. आले त्याच वाटेने रेती परत जाते. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करीत राहावे. घासायचे नाही, पिळायचे नाही. दोन कोरड्या पंचांमध्ये ठेवून नुसते दाबावे. लोकरीची गाळणी असेल तर फारच सांभाळून, कारण कढत पाण्यात चोळली की लोकर आटते.

आणि साबण? मुळीच नाही. इथेच चांगल्या चांगल्या गृहिणी फसतात, कारण साबणाशिवाय स्वच्छता ही कल्पनाच आपल्याला सहन होत नाही. परंतु हे जाड कापड साबण धरून ठेवते. कितीही खळबळले तरी थोडा वास मागे राहतोच, आणि पुढच्या खेपेचा कढत पाक तो वास नेमका उचलतो. हिंगाच्या डबीतला चमचा खिरीत घातल्यासारखे होते म्हणा ना! कपडे पांढरे करण्याची क्लोरीनची पूड तर त्याहून वाईट. ती वासही देते आणि धागाही खाते. कोरी गाळणीसुद्धा पहिल्या वापरापूर्वी साध्या पाण्यात उकळून घ्यावी लागते, नाहीतर पाकाला नव्या कापडाची चव येते. आपल्याकडे सोवळ्याचे वस्त्र जसे वेगळे धुतात, वेगळे वाळवतात, तसेच हे समजा. इथे कारण तेवढे निराळे.

सगळ्यांत मोठा धोका मात्र वेगळाच. हंगाम संपतो, आणि गाळणी पुढे दहा-अकरा महिने फळीवर पडून राहते. वरून कोरडी वाटणारी पिशवी शिवणीत नि टोकाशी ओलसर असली, तर बुरशी धरते. बुरशीचा तो कुबट वास पाकात उतरला की पाक पुन्हा उकळून जात नाही, काही केल्या जात नाही. तेव्हा वाऱ्यावर टांगून दोन-तीन दिवस खडखडीत वाळवावी आणि मग कागदात किंवा सुती पिशवीत ठेवावी. बंद डब्यात कोंडू नये. लोकरीला कसर लागेल या भीतीने डांबराच्या गोळ्या ठेवण्याची बुद्धी कुणाला झाली, तर पुढच्या वर्षीचा पाक डांबराच्या वासाचा होईल.

नव्या हंगामात गाळणी बाहेर काढली की आधी नाकाला लावावी, मग पेलाभर कढत पाण्यात भिजवून ते पाणी चाखावे. पाण्याला नुसती पाण्याची चव असेल तर गाळणी चालेल. जरा शंका आली तर, माझे मत विचाराल तर, खुशाल फेकून द्यावी. ज्यांच्याजवळ दुसरी गाळणी नसेल त्यांनी पाक उंच बरण्यांत काही दिवस नुसता निवळू द्यावा आणि वरचा नितळ भाग ओतून घ्यावा. वेळ लागतो, तळचा थोडा पाक सोडावाही लागतो. पण वास लागलेल्या कापडापेक्षा ते पुष्कळ बरे.

आपल्यापैकी ज्यांची मुलेबाळे कॅनडात आहेत, त्यांच्या घरी लाल पानाचे चित्र असलेली एखादी पाकाची बाटली आलेली असेल. घरगुती पाक असेल तर कधी तळाशी राखट थर बसलेला दिसतो. कुणी भेसळ केली म्हणून घाबरू नका. गाळणीतून निसटलेली तीच ही रेती. बाटली न हलवता वरचा पाक हळूच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या. आणि एकदा बाटली उघडली की मग ती थंड जागी, असल्यास शीतकपाटात ठेवा, म्हणजे तिला बुरशी येणार नाही.