इंटरनेटच्या वाटांची नोंदवही कोणाकडे असावी?

मासवणच्या घरातून बँकेचं अ‍ॅप उघडलं किंवा तारापूरच्या कारखान्यानं परदेशी मेल पाठवला, की तो संदेश अनेक कंपन्यांच्या नेटवर्कमधून जातो. कोणता इंटरनेट पत्ता कोणाकडे, हे ही नेटवर्क एकमेकांना सांगतात. पण ही माहिती चुकीचीही असू शकते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमनं देशात यूट्यूब रोखण्यासाठी जाहीर केलेली खोटी वाट बाहेर पसरली आणि यूट्यूब जगभर सुमारे दोन तास विस्कळीत झालं.

यावरचा एक उपाय म्हणजे आरपीकेआय. आपला पत्ता कोणत्या नेटवर्कनं जाहीर करावा, हे पत्ताधारक डिजिटल सहीनं नोंदवतो, म्हणजे इतरांना खोटी वाट ओळखता येते. पत्त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या जगात पाच प्रादेशिक संस्था आहेत. आपल्या भागाची एपनिक ब्रिस्बेनला आहे. भारतात २००३ साली स्थापन झालेल्या ‘निक्सी’ या ना-नफा कंपनीचा आयआरआयएनएन विभाग पत्त्यांची नोंदणी पाहतो.

हे काम ना-नफा संस्थेकडेच असावं, पण ठाम अटींवर. नोंद रद्द करण्याआधी लेखी नोटीस आणि अपिलाची संधी मिळावी. दरवर्षी स्वतंत्र तपासणी होऊन अहवाल जाहीर व्हावा. लहान केबलचालकालाही शुल्क परवडावं. आणि पर्यायी व्यवस्था तयार असावी. कारण २०२१ मध्ये आफ्रिकेच्या अफ्रिनिक या प्रादेशिक संस्थेची बँक खातीच मॉरिशसमध्ये न्यायालयीन आदेशानं गोठली होती.

पालघर-बोईसरच्या ग्राहकांनो, तुमच्या इंटरनेट कंपनीला जरूर विचारा: तुमच्या पत्त्यांची आरपीकेआय नोंद झाली आहे का?